उज्ज्वलाच्या नावावरचं स्टेशन

निरगुडसरच्या दादाभाऊच्या घरात उज्ज्वलाच्या नावावर काय नव्हतं? दादाभाऊ चालवायचा ती दूध डेअरी तिच्या नावावर, ठिबकचं अनुदान तिच्या नावावर, गॅस तिच्या नावावर, आणि दारातल्या ट्रॅक्टरची कागदोपत्री मालकीणही तीच. पाहुणा आला की दादाभाऊ कौतुकाने सांगायचा, "सगळं मिसेसच्या नावावर केलंय, आपलं काय बी नाय." पाहुणा मान डोलवायचा. मिसेस तेव्हा आत चहा गाळत असायची. एखादा कागद आला की दादाभाऊ तो घेऊन स्वयंपाकघरात यायचा, एका जागी बोट ठेवायचा आणि तिथे ती सही करायची. कागदावर काय लिहिलंय हे विचारायची तिला सवय नव्हती आणि सांगायची त्याला नव्हती.

वाचकहो, हसू नका. आपल्या घरी याहून वेगळं काय चालतं, ते आपापल्या मनाला विचारा.

एवढ्या सगळ्यात उज्ज्वलाने स्वतःहून मागितलेली गोष्ट एकच होती, आणि ती जरा जगावेगळी होती. तिला वायरलेसवर बोलायचं लायसन हवं होतं.

त्याचं कारण होतं तिचं माहेर. माळशेजच्या वाटेवरचं मढ. मागे एका पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद झाला, वीज गेली, मोबाइलचा टॉवर मुका झाला, आणि नेमके त्याच दिवसांत तिचे वडील कुशाबा छातीत कळ येऊन गेले. उज्ज्वलाला निरोप पोचला तेव्हा सावडणंसुद्धा उरकलं होतं. बापाचं तोंड बघायला मिळालं नाही, हे दुःख तिच्या पोटात तसंच राहिलं. पुढे ओतूरच्या एका कार्यक्रमात टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले सोपान सर हातातल्या लहानशा सेटवरून थेट नाशिकच्या माणसाशी बोलताना तिने पाहिले. टॉवर नाही, सिम नाही, रिचार्ज नाही. टाळ्या वाजवून लोक पांगले. ही एकटी पुढे गेली आणि तिने विचारलं, "सर, ह्ये मढातनं लागंल का?"

सरांनी तिला बसवून समजावलं. याला हौशी रेडिओ म्हणतात. मध्ये डोंगरावर एक यंत्र बसवलेलं असतं, ते हातातल्या सेटचा बारीक आवाज उचलून लांब फेकतं, म्हणून मढातूनही लागेल. पण सेट घेतला आणि बोलायला लागलं, असं चालत नाही. केंद्र सरकारची परीक्षा द्यायची, लायसन काढायचं, मग सरकार तुम्हाला एक कॉल साइन देतं. आकडा-अक्षरांचं तुमचं नाव. साऱ्या जगात ते दुसऱ्या कुणाचं नसतं. सर शेवटी म्हणाले, "हवेत चेहरा दिसत नाही, ताई. कॉल साइन हाच चेहरा. तो उसना द्यायचा नाही आणि उसना घ्यायचा नाही. हा पहिला धडा."

उज्ज्वलाने तो धडा मनावर घेतला. बारावीनंतर पुस्तकाला हात न लावलेली ही बाई एसटीने ओतूरला जाऊन अँटेना आणि विजेचे नियम शिकू लागली. गोठ्यात धार काढताना "अल्फा, ब्राव्हो, चार्ली" अशी उजळणी चालायची. सासूबाई प्रयागबाईंनी एकदा विचारलं, "हा चारली कोन गं?" त्यावर सून पोट धरून हसली. दादाभाऊही हसायचा, पण आडकाठी त्याने केली नाही, हे श्रेय त्याच्या पदरात घातलंच पाहिजे. ऑनलाइन अर्ज त्यानेच भरला. अर्जात मोबाइल नंबरही त्याचाच टाकला, कारण घरातल्या सगळ्या कागदांवर तोच नंबर होता. त्यात काही वावगं आहे असं उज्ज्वलालाही वाटलं नाही.

मुंबईला जाऊन ती परीक्षा देऊन आली. पास झाली. आता फक्त लायसनची वाट बघायची होती.

त्याच सुमारास मढात तिची आई साळुबाई ओट्यावरून घसरून पडली आणि उज्ज्वला माहेरी गेली. श्रावण चालू होता. रेंज मिळवायला देवळामागचं टेकाड चढावं लागे. भिजत भिजत वर जाऊन ती नवऱ्याला फोन लावायची आणि दर खेपेला विचारायची, "आलं का काय?" तो म्हणायचा, "सरकारी काम हाय गं. थांब जरा."

अशाच एका दुपारी शेजारच्या वाडीतली धोंडाबाई भातखाचरात खुरपताना किंचाळली. घोणस चावली होती. पाऊस धो धो कोसळत होता, टेकाडावरसुद्धा रेंज नव्हती, आणि आमच्या डोंगरातल्या रिवाजाप्रमाणे लोकांनी तिला घोंगडीच्या झोळीत घालून शाळेत आणलं. नशीब असं की शाळेत सेट होता. सोपान सरांच्या गटाने पावसाळ्यासाठी पाळ्या वाटून घेतल्या होत्या. एकाने घाटाकडे, या शाळेत थांबायचं, आणि खाली मुलखात ज्याची पाळी असेल त्याने सेटपाशी बसून ऐकायचं. वरून हाक आली की त्याने फोन करून अँब्युलन्स धाडायची. घाटाकडे त्या दिवशी कॉलेजात शिकवणारे आदेश होते. त्यांनी सेट उचलला आणि हाक मारायला सुरुवात केली. व्ही यू तीन, आणि पुढे तीन अक्षरं. ती अक्षरं मी इथे लिहीत नाही. ती ज्याची त्याची असतात.

ओ आली नाही. आदेश पुन्हा पुन्हा तीच अक्षरं पुकारत राहिले. बाकीचे लोक आपापल्या कामावर होते. त्यांनी सेट बंद ठेवले होते, कारण ही दुपार एका स्टेशनाने, म्हणजे एका लायसनवाल्याने, अंगावर घेतलेली होती. धोंडाबाईचं डोकं उज्ज्वलाच्या मांडीवर होतं. पाय टरटरून सुजला होता. ती अक्षरं ऐकून ऐकून उज्ज्वलाला पाठ झाली, आणि शेवटी तिचा तोल सुटला.

"नाव लावायचं आन् बसायचं न्हाई? असल्या माणसाला लायसन देतं तरी कोन?"

आदेश म्हणाले, नवीन स्टेशन आहे, आंबेगावच्या बाजूचं, रोज सकाळी सगळी स्टेशनं हवेत एकेक करून नाव सांगतात, त्या हजेरीला मात्र मोठ्या आवाजात बोलतं. उज्ज्वलाने त्या अनोळखी स्टेशनाला तोंडाला येईल ते बोलून घेतलं. संध्याकाळी नारायणगावहून गाडीने चाललेल्या गटातल्या कुणीतरी आपल्या सेटवर हाक ऐकली, तेव्हा कुठे अँब्युलन्स आली. धोंडाबाई वाचली. पायाची दोन बोटं गेली आणि चालणं कायमचं लंगडं झालं. औषध वेळेवर मिळालं असतं तर हे टळलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

आई हिंडू-फिरू लागल्यावर उज्ज्वला सासरी परतली. देव्हाऱ्याशेजारी एक कोरी शाल आणि नारळ ठेवलेला दिसला. गावातल्या एका मंडळाने सत्कार केला, एवढंच दादाभाऊने सांगितलं. लायसनचं विचारलं तर पुन्हा तेच, थांब जरा. तिला राहवेना. दुसऱ्याच दिवशी ती ओतूरला सोपान सरांकडे गेली.

सरांनी नेहमीसारखं "या" म्हटलं नाही. खुर्ची दाखवली आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "ताई, स्टेशन तुम्ही नवऱ्याच्या हाती दिलंत, ते दिलंत. निदान घेतलेली पाळी सांभाळायला तरी सांगायचं होतं."

"कंचं स्टेशन?"

"तुमचं." आणि सरांनी कॉल साइन उच्चारली.

व्ही यू तीन, आणि ती तीन अक्षरं!

वाचकहो, त्या क्षणी त्या बाईला काय वाटलं असेल? त्या दुपारी जिला पुकारत होते, ती हीच होती. बापाच्या वेळी कुणी ओ दिली नाही म्हणून जिने हा सगळा खटाटोप केला, तिच्याच नावाने त्याच डोंगरातली हाक रिकामी परत गेली होती, आणि ती स्वतः तिथे बसून आपल्याच नावाला शिव्या घालत होती.

"सर, मला लायसन आल्यालंच म्हाईत न्हाई," ती म्हणाली.

आता कावरेबावरे होण्याची पाळी सरांची होती. हळूहळू सगळं बाहेर आलं. ती मढाला गेली आणि आठवड्याच्या आतच लायसन दादाभाऊच्या मोबाइलवर आलं. तो मोबाइल दाखवून त्याने सरांकडून तिच्यासाठी ठेवलेला सेट नेला. ती माहेरी आहे, तिनंच सांगितलंय, असं म्हणाला. मग रोज सकाळी डेअरीतून हजेरीला बोलू लागला. पाळीसुद्धा आपणहून मागून घेतली. सरांना त्याचा आवाज ओळखू येत होता, नियमही माहीत होता.

"मी गप्प बसलो," सर खाली मान घालून म्हणाले. "म्हटलं, नवरा-बायकोचं काय, एकच असतं."

"तुमीच शिकवलं व्हतं ना, चेहरा उसना देयाचा न्हाई म्हनून? मग मला एक फोन का केला न्हाई?"

सरांकडे तिचा म्हणून जो नंबर होता, तो दादाभाऊचाच होता. त्यांनी ते सांगितलं आणि सांगताना त्यांचंच त्यांना ओशाळवाणं झालं. उज्ज्वला चहा न घेता उठली. एकाने तिचं नाव चोरलं होतं आणि दुसऱ्याने चोरी होताना बघून तोंड फिरवलं होतं. यातलं जास्त काय लागलं, हे तिला सांगता आलं नसतं. नवऱ्याचा राग येतो, पण ज्याच्याकडून आपण खरेपणा शिकलो त्याने असं करावं, हे फार खोल जातं.

ती थेट डेअरीवर गेली. संध्याकाळचं दूध चालू होतं. फॅट काढायच्या मशीनशेजारी सेट ठेवलेला होता. इतके दिवस ती फक्त घरी धारा काढून कॅन भरून द्यायची, डेअरीत पाऊल ठेवायचं तिला कारणच पडलं नव्हतं. रांगेतल्या लोकांदेखत तिने सेट उचलला, पदराखाली घेतला आणि घरची वाट धरली. दादाभाऊ मापं तशीच टाकून मागोमाग आला.

ओसरीवर प्रयागबाई मेथी निवडत होत्या. दादाभाऊने आधी हसण्यावारी नेलं. मग समजूत घालायला लागला.

"अगं, येवढं काय मनाला लावून घेतीस? डेअरी तुझ्या नावावर, ट्रॅक्टर तुझ्या नावावर. ते चालवतो कोन? मीच ना? तसंच ह्ये."

"ट्रॅक्टरला कुनी हाक मारीत न्हाई," उज्ज्वला म्हणाली. "मी मढात व्हते. धोंडाबाईचं डोस्कं माझ्या मांडीवर व्हतं. तुमी कुठं व्हता त्या दुपारी?"

दादाभाऊची नजर आपोआप देव्हाऱ्याकडे गेली. वाचकहो, तो कुठे होता ते आता तुम्हीही ओळखलं असेल. गावातल्या मंडळाने 'वायरलेसवर बोलणारा आपला माणूस' म्हणून त्याला शाल-श्रीफळ द्यायला बोलावलं होतं. ऐकायच्या कामाबद्दल सत्कार घ्यायला तो ऐकायचं काम सोडून गेला होता. सेट डेअरीत बंद होता आणि हा व्यासपीठावर हात जोडून उभा होता.

बोलला ते खरं बोलला, एवढं त्याच्या बाजूने सांगता येईल. डेअरीवर रोज लोकांच्या शिव्या खायच्या, फॅट कमी का लागली म्हणून. आणि इथे सकाळी सकाळी पुण्याचे डॉक्टर, नाशिकचे इंजिनियर 'नमस्कार साहेब' म्हणायचे. आज सांगू, उद्या सांगू म्हणत त्याने दिवस लोटले. ती आली की हे संपणार, हे त्याला ठाऊक होतं.

"मला नगो ते लायसन," उज्ज्वला म्हणाली. "सरकारला परत करते. ती अक्षरं मला ऐकू बी नगोत." एवढं बोलून ती रडली.

तेव्हा प्रयागबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"दादा, खालच्या आळीला गळकी टाकी हाय, तिला गाव काय म्हनतं?"

प्रयागबाईंची टाकी म्हणतं, हे अख्ख्या गावाला माहीत आहे.

"मी पाच वर्सं सरपंच व्हते. खुर्चीवर तुझा बाप बसला, मी निस्त्या सह्या केल्या. टाकीत सिमीट किती गेलं आन् वाळू किती गेली, मला काय ठावं? तुझा बाप गेला, देवाघरी सुटला. टाकी अजून गळतीया, आन् हंडा भरताना बाया शिव्या मला देत्यात. पाटीवर नाव माझं हाय ना!" मग त्या सुनेकडे वळल्या. "नाव टाकून दिलंस म्हनून डाग जायाचा न्हाई, पोरी. मी लई रडले, पन खुर्चीवर एक दिस बसले न्हाई. तिथं चुकलं माझं. तू बस. उद्या सकाळी बस, आन् तुझ्या तोंडानं बोल."

दादाभाऊ उठून जाऊ लागला तशी त्या म्हणाल्या, "आन् तू. नाव वापारलंस, आता त्याचं वझं बी उचल. धोंडाबाईच्या दारात जाऊन ये."

तो गेला. एकटाच गेला. तिथे काय बोलणं झालं ते त्याने कुणालाही सांगितलं नाही, पण घरी आल्यावर देव्हाऱ्याजवळची शाल उचलून त्याने मंडळाला परत नेऊन दिली. मग सोपान सरांकडे जाऊन म्हणाला, मला एकदा सगळ्यांसमोर माफी मागू द्या, सकाळच्या हजेरीला. सरांनी मान हलवली. "हवेत बोलायचा हक्क लायसनवाल्याला. तुम्ही आजवर बोललात तो गुन्हाच होता, आणि मी तो होऊ दिला. माफी मागायची असेल तर आधी परीक्षा द्या."

पण हे सगळं होण्याआधी, दुसऱ्याच दिवशी, ती सकाळ आली. उज्ज्वलाने सेट ओट्यावर ठेवला. हजेरीत एकेक स्टेशन नाव सांगत होतं. तिची पाळी आली तशी तिने आपली अक्षरं सावकाश, सुटी सुटी उच्चारली आणि म्हणाली, "मी उज्ज्वला, निरगुडसर. हे स्टेशन माझं हाय. आजवर तुमी ऐकला तो आवाज माझा नव्हता. त्या दुपारी ज्या स्टेशनानं ओ दिली न्हाई, ते ह्येच. त्याचा बोल माझ्या नावावर हाय आन् तो मी घेते. हितनं पुढं ह्या नावानं मीच बोलंन."

मग सोपान सर बोलले. आपल्याला सगळं माहीत होतं आणि आपण डोळेझाक केली, हे त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं, आणि हजेरी घ्यायचं काम त्याच दिवशी आदेशांकडे सोपवलं. आदेशांनी विचारलं ते एवढंच, "ताई, आवाज स्पष्ट येतोय. शनिवारची दुपार घेणार का?"

तिने घेतली. त्या शनिवारी एकही हाक आली नाही, तरी ती सेटपाशी बसून होती.

घरातलं सगळं लगेच गोड झालं, असं मी सांगणार नाही. विश्वास तुटला की फुटक्या कपासारखा चिकटवता येत नाही. उज्ज्वलाने स्वतःचा मोबाइल नंबर घेतला आणि घरातल्या एकेका कागदावर तो चढवला. सही मागायला कागद आला की ती तो वाचून काढायची, तोवर दादाभाऊ दारात ताटकळायचा. दुपारी ती पुस्तक पुढ्यात ठेवायची आणि तो अँटेनाचे नियम शिकायचा. त्याला ते अवघड जायचं. ती सांगायची, पण हसून सांगायची नाही. पहिल्या खेपेला तो नापास झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पुस्तक पुन्हा पुढ्यात ठेवलं.

पुढच्या श्रावणात त्याला त्याची स्वतःची कॉल साइन मिळाली.

आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. दादाभाऊने लग्नापासून तिचं नाव कधी घेतलं नव्हतं, आणि मुलगा झाल्यावर तर 'शौर्यची आई' हीच हाक. हवेत मात्र तसं चालत नाही. ज्याच्याशी बोलायचं त्याची अक्षरं घ्यावी लागतात, आपली सांगावी लागतात. त्या दिवशी पाळी उज्ज्वलाची होती. डेअरीत बसून दादाभाऊने बटण दाबलं, तिची तीन अक्षरं घेतली, मग पहिल्यांदाच आपली सांगितली.

"मी दादाभाऊ. उज्ज्वला, मी तुझं नाव न विचारता वापारलं. त्यापायी धोंडाबाई जन्माची लंगडी झाली. चूक माझी हाय. ऐकू येतंय का?"

ओसरीवर प्रयागबाई हातातलं काम थांबवून बसल्या होत्या. उज्ज्वलाने डोळे पुसले, पण घाई केली नाही. मग कुठल्याही स्टेशनाला देतात तसं तिने रीतसर उत्तर दिलं, त्याची अक्षरं, तिची अक्षरं, आणि पुढे म्हणाली, "दादाभाऊ, स्पष्ट ऐकू येतंय. घाटातली दुपारची पाळी मोकळी हाय. घेतली तर बसावं लागंल."

"बसतो," तो म्हणाला. आणि बसला. त्या पावसाळ्यात धोंडाबाईच्या वाडीखालच्या शाळेत भिजक्या भिंतीला टेकून तो दुपारच्या दुपारी ऐकत बसलेला लोकांनी पाहिला आहे.

वाचकहो, बाईच्या नावावर घर केलं, जमीन केली, खुर्ची केली, की आपण मोठं काम केलं असं आपल्याला वाटतं. पण ज्याचं नाव त्याचाच आवाज नसेल, तर ते देणं नव्हे. ती नावाची चोरी आहे, आणि ती बघून गप्प बसणारा त्या चोरीतला भागीदार आहे. आज घरी गेलात की कपाटातला असा एक कागद काढा, ज्यावर तुमच्या घरातल्या बाईचं नाव आहे. तिला विचारा, यात काय लिहिलंय? तिला सांगता आलं नाही, तर मान तिने खाली घालायची नाही. ती आपण घालायची, आणि कागद तिच्या हातात द्यायचा.